सोनामसुरीचे पोते आणि जगाचा अन्नपुरवठा : निसर्ग किती, माणूस किती?

परदेशस्थ_पुणेकर

२०२३ च्या जुलैमधील एका शनिवारची गोष्ट आहे. न्यू जर्सीतील आमच्या नेहमीच्या भारतीय किराणा दुकानासमोर सकाळीच रांग लागली होती आणि दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता : ‘एका कुटुंबास एकच पोते’. सोनामसुरीचा भाव आठवड्याभरात जवळजवळ दुप्पट झाला होता. तरीही माझ्या पुढचे गृहस्थ पत्नी, सासूबाई आणि शेजारी यांना रांगेत वेगवेगळ्या जागी उभे करून चार पोती गाडीत चढवत होते. माझ्या धाकट्या मुलाने विचारले, “बाबा, भारतात पाऊस पडला नाही का?” आणि मी सवयीने “हो” म्हणून मोकळा झालो.

घरी येऊन पाहिले, तर माझे उत्तर चुकले होते. भारत सरकारने २० जुलै रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली होती हे खरे, पण त्या महिन्यात देशाचा एकूण पाऊस सरासरीपेक्षा जास्त होता आणि पंजाब-हरियाणात तर केलेली लावणी पुराच्या पाण्याने वाया गेली होती. सरकारी गोदामांत राखीव साठ्याच्या निकषापेक्षा कितीतरी अधिक तांदूळ पडून होता. पाऊस होता, साठा होता आणि बारा हजार किलोमीटरवरच्या दुकानातील फळी मात्र रिकामी होती.

शाळेच्या भूगोलात अन्नपुरवठा कशाने ठरतो याचे आपण दोन रकाने करीत असू. एकीकडे जमीन, हवामान, पाणी, कीड, आणि दुसरीकडे युद्ध, व्यापार, तंत्रज्ञान, दारिद्र्य. हे रकाने प्रत्यक्षात खरोखरच वेगळे काढता येतात का? जाणकारांनी, आणि ज्यांनी टंचाई स्वतः पाहिली आहे त्यांनी विशेषकरून, लिहावे.

चकलीची_भाजणी

त्या शनिवारी आपण स्वतः किती पोती घेतली, हे आपल्या विस्तृत निवेदनात कोठेही आलेले नाही, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणून देते.

मोंढा_ते_वाशी

मी तीस वर्षे धान्याच्या दलालीत काढली आहेत, म्हणून बाजाराच्या बाजूने सांगतो. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो आणि उरलेला जिथे पिकतो तिथेच शिजतो. गव्हाचे तसे नाही. त्याचा सुमारे चौथा हिस्सा जहाजात चढतो. तांदळाचा जागतिक बाजार त्यामुळे मुळातच उथळ आहे, आणि त्या उथळ पाण्यात गेल्या काही वर्षांत सुमारे ४० टक्के माल एकट्या भारताचा असतो. एवढा मोठा विक्रेता दुकान बंद करतो, तेव्हा उरलेल्या विक्रेत्यांनी भाव वाढवण्यासाठी दुष्काळाची वाट पाहावी लागत नाही.

बंदीचे कारण सरकारने लपवलेले नव्हते. देशातील किरकोळ भाव वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी चढले होते, आणि माझ्या मते पुढच्या वर्षीच्या निवडणुकाही डोळ्यांसमोर होत्या. त्यातच बंदीच्या तीनच दिवस आधी, म्हणजे १७ जुलै रोजी, युक्रेनचे धान्य काळ्या समुद्रातून बाहेर काढण्याच्या करारातून रशियाने अंग काढून घेतले होते. बाजार आधीच धास्तावलेला होता.

याहून बोलके उदाहरण २००८ चे आहे. त्या वर्षी जगात तांदूळ कमी पिकलेला नव्हता. तरी गव्हाचे आणि तेलाचे भाव चढलेले पाहून आधी भारताने, मग व्हिएतनामने निर्यात आवळली, आणि फिलिपिन्सने घाबरून मिळेल त्या भावाने मोठमोठ्या निविदा काढल्या. वर्षाच्या सुरुवातीस टनाला चारशे डॉलरच्या आत असलेला थायलंडचा तांदूळ चार-पाच महिन्यांत हजाराच्या वर गेला. तो खाली कसा आला, हे ऐकण्यासारखे आहे. जागतिक व्यापार कराराच्या बंधनामुळे जपान दरवर्षी परदेशी तांदूळ विकत घेतो, पण तेथील लोक तो फारसा खात नाहीत, म्हणून तो गोदामात पडून राहतो. त्यातला काही तांदूळ फिलिपिन्सला देण्याची तयारी जपानने दाखवली आणि एकही पोते हलण्यापूर्वीच भाव उतरू लागले. कागदावरच्या एका बातमीने भाव चढले होते आणि तशाच दुसऱ्या बातमीने ते पडले.

माणदेशी

मोंढा_ते_वाशी यांनी बाजार सांगितला; मी १९७२ सांगतो. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या तालुक्यात सलग तिसरे वर्ष पिकाविना गेले होते. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरावे लागे आणि जनावरे कवडीमोलाने बाजारात जात. आई आणि थोरली बहीण रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. खडीचा ढीग मोजायला मुकादम फीत घेऊन येई, तेव्हा आई ढिगाला हाताने चापून चौकोनी आकार देत असे, हे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे, कारण मोजणीत ढीग ढासळला तर मजुरी कमी पडे.

रेशनवर मिलो मिळत असे. ही अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकी नसल्यामुळे भाकरी थापताना कडेने फाटे आणि गार झाली की खापरासारखी होई. आमच्या आजीने ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा “ही जनावराची आहे का माणसाची?” असे दुकानदाराला विचारले होते. कामावर लहान मुलांना सुकडी वाटत. मी ती कागदात बांधून घरी नेत असे.

मुद्दा असा की आमच्याकडे पिकले नव्हते, हे शंभर टक्के निसर्गाचे. पण १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि त्यांच्या हाती रोकड मजुरी पडत होती, म्हणून हाल होऊनही गावेच्या गावे मेली नाहीत. त्याच वर्षांत आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात तसाच दुष्काळ होता आणि तिथे मोठ्या संख्येने माणसे दगावली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. मुंबईच्या पगारदाराच्या वेतनपत्रात दिसणारा व्यवसायकर मुळात त्याच योजनेसाठी बसवलेला आहे. आमच्या भाकरीचा खर्च दादरच्या कारकुनाच्या पगारातून निघावा, ही व्यवस्था माणसाने केली होती.

वाऱ्याची_दिशा

चर्चेचा काटा एकाच बाजूला झुकू लागला आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. हवामानशास्त्र हा माझा व्यवसाय आहे. २०२३ च्या जुलैत पाऊस चांगला होता हे धागाकर्त्यांचे विधान बरोबर आहे, पण त्यांनी ऑगस्टचा उल्लेख केलेला नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. प्रशांत महासागरात एल निनो उभा राहत असल्याचे जूनपासूनच दिसत होते. सरकारची भीती अवाजवी असेल, पण ती हवेतून पडलेली नव्हती.

एल निनोत विषुववृत्तावरचे पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे मंदावतात आणि एरवी इंडोनेशियाच्या बाजूला ढकललेले उबदार पाणी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे सरकते. ढग पाण्याच्या उबेमागे जातात, म्हणून आपल्या मोसमी पावसाचा जोर ओसरण्याची शक्यता वाढते. मी शक्यता म्हणतो, कारण १९९७ चा एल निनो अत्यंत तीव्र असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००९ चा तुलनेने मध्यम असताना पावसात २२ टक्के तूट आली.

माणदेशी काकांचा १९७२ चा दुष्काळ याच साखळीतला होता. त्याच एल निनोने पेरूच्या किनाऱ्यावर तळाचे थंड, सकस पाणी वर येणे थांबले आणि तेथील अँकोवी मासळी कोसळली. १९७० मध्ये सुमारे १ कोटी २० लाख टन मासळी पकडणारा तो देश १९७३ मध्ये सुमारे २० लाख टनांपर्यंत खाली आला. खडी फोडणाऱ्या मातेला आणि पेरूच्या कोळ्याला एकमेकांचे नावही माहीत नव्हते; पण दोघांची वाईट वर्षे एकाच समुद्रातून आली होती.

सोयाबीनचा_भाव

वाऱ्याची_दिशा यांनी साखळी अर्ध्यावर सोडली आहे, ती मी पुढे नेतो, कारण तिचे टोक पुन्हा धागाकर्त्यांच्या दुकानापाशी येते. पेरूची अँकोवी माणसांच्या ताटात फारशी जात नव्हती. तिची भुकटी करून ती युरोप-अमेरिकेतील कोंबड्या-डुकरांना घालत. ती संपताच सर्वांनी सोयाबीनच्या पेंडीकडे धाव घेतली, भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी काही महिनेच टिकली, पण टोफू, मिसो आणि सोया सॉस यांसाठी अमेरिकेवर विसंबलेल्या जपानने तिचा धसका कायमचा घेतला. दुसरा पुरवठादार हवा म्हणून जपानने ब्राझीलच्या सेराडो या आम्लधर्मी मातीच्या माळरानावर पैसा ओतला. तिथल्या शास्त्रज्ञांनी चुना मिसळून माती सुधारली, उष्ण प्रदेशात वाढतील असे वाण काढले, आणि आज ब्राझील सोयाबीनच्या निर्यातीत अमेरिकेच्या पुढे आहे. लातूरच्या बाजारात आमच्या सोयाबीनचा भाव निघतो, त्यावरही त्या ब्राझीलच्या पिकाची सावली असते.

मासळी उष्ण पाण्याने गेली की बेसुमार मासेमारीने? दोन्हीने. समुद्र तापला नसता, तर एवढी मासेमारी कदाचित आणखी काही वर्षे खपून गेली असती.

इतिहासाची_वही

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले आणि भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग पसरला. पण त्याआधीच जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडून येणारा तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनारपट्टीवरील होड्या आणि जादा तांदूळ काढून घेतला होता, प्रांतांनी एकमेकांना धान्य देणे थांबवले होते आणि युद्धखर्चामुळे महागाई उसळली होती. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की १९४३ मध्ये बंगालात उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. मेलेली माणसे मुख्यतः शेतमजूर, कोळी, होडीवाले अशी होती. त्यांच्या मजुरीत तांदूळ बसेनासा झाला होता.

वाऱ्याची_दिशा

सेन यांच्या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहे आणि बुरशीमुळे झालेली पिकाची हानी त्यांनी कमी धरली असाही एक पक्ष आहे, एवढी पुस्ती जोडतो. होड्यांच्या बाबतीत मात्र वाद नाही.

खाजणातला_बांध

मी गोव्याचा. जुवारीच्या काठी आमच्या कुटुंबाची थोडी खाजण जमीन आहे, आणि धागाकर्त्यांचे दोन रकाने तिथे एका दारापाशी येऊन मिळतात. त्या दाराला मानस म्हणतात. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी, बांध घालून नदीकडून मिळवलेली सखल जमीन. बांधात लाकडी झडपेचे दार बसवलेले असते. भरतीचे पाणी चढले की ते बाहेरून दाबून झडप मिटवते, आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर अधिक झाला की ती आपोआप उघडते. यंत्र नाही, वीज नाही. चंद्र चढवतो आणि चंद्रच उतरवतो. आत कोरगूट नावाचे, खारेपणा सोसणारे भात होत असे.

पूर्वी बांधांची देखरेख गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेकडे असे. साठच्या दशकात कूळकायदा झाल्यावर ती कुळांच्या संघटनांकडे आली. कूळ जमिनीचे मालक झाले हे न्याय्यच होते, यात मला शंका नाही. पण दरवर्षी चिखल-पेंढ्याने बांध लिंपण्याला सगळ्या गावाचे हात लागतात, आणि तोवर घरोघरचे हात नोकरीला लागले होते. मानशीपाशी जमणाऱ्या मासळीचा लिलाव होतो आणि त्याचे उत्पन्न भातापेक्षा जास्त असते, त्यामुळे झडप चुकीच्या वेळी उघडी ठेवून खारे पाणी आत घेण्याचा मोह कोणाला ना कोणाला होतोच. आमचा बांध एका पावसाळ्यात फुटला. दुरुस्तीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. पहिल्या वर्षी कोरगूट उगवले पण भरले नाही, दुसऱ्या वर्षी उगवलेच नाही, आणि पुढे शेतात खारफुटी रुजली. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने आता ती तोडता येत नाही. म्हणजे माझे भाताचे शेत आज कायद्याने जंगल आहे. समुद्राची पातळी वाढेल तेव्हा वाढेल. आमच्या शेतात समुद्र आधीच पोचला आहे.

चकलीची_भाजणी

कोरगुटाची पेज ज्याने प्यायली आहे, त्याला वरील परिच्छेद वाचून झालेले दुःख दुप्पट असेल. बियाणे कोणाकडे शिल्लक आहे का?

खाजणातला_बांध

काही शेतकऱ्यांनी जपले आहे. मीही दोन पायली मागून आणली आहेत, पण लावायला शेत नाही.

डाकारहून

कामानिमित्त सहा वर्षांपासून सेनेगलमध्ये आहे. मोंढा_ते_वाशी यांनी पांढऱ्या तांदळाची बंदी सांगितली. इकडे तिच्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने घातलेली तुकडा तांदळावरची बंदी अधिक झोंबली. आपण ज्याला कणी म्हणतो आणि आजारी माणसाला शिजवून देतो, ती कणी इथल्या राष्ट्रीय पक्वान्नाचा आत्मा आहे. चेबुजेन नावाच्या या मासे-भाताला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. अख्खा दाणा इथल्या गृहिणीला चालत नाही, कारण माशाचा रस्सा कणीतच मुरतो. माझ्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मी कौतुकाने लांब दाण्याचा बासमती दिला, तर त्यांनी तो ओट्यावर घेऊन लाटण्याने फोडायला सुरुवात केली.

ही आवड आली कोठून? फ्रेंचांनी आपल्या तेलगिरण्यांसाठी इथल्या शेतकऱ्याला बाजरी सोडून भुईमुगाकडे वळवले आणि त्याचे पोट भरण्यासाठी इंडोचायनातील (आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाकडील) गिरण्यांत उरणारी कणी जहाजाने आणून विकली. राज्य गेले, चव राहिली. पुढे तो माल भारतातून येऊ लागला, आणि भारताला कोंबडीखाद्य व इथेनॉल यांसाठी कणी हवीशी झाली तेव्हा इथल्या चुलीवर परिणाम झाला. नंतर दोन्ही सरकारांच्या बोलण्यातून काही माल सुटला.

खाजणवाल्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. सेनेगल नदीत उन्हाळ्यात समुद्राचे पाणी कितीतरी आत शिरत असे. १९८६ मध्ये मुखाजवळ दियामा येथे बंधारा बांधल्यावर ते थांबले आणि खोऱ्यात भात होऊ लागले. तुमच्या मानशीचे हे अवाढव्य भावंड म्हणावे लागेल. तरीही देशाला पुरेल इतके भात होत नाही.

मोंढा_ते_वाशी

कणीला मी आयुष्यभर ‘तुकडा’ म्हणून नाक मुरडून भाव लावला. डाकारच्या बाईंची क्षमा मागतो.

लुधियानाचा_जावई

भारत जो तांदूळ निर्यात करतो किंवा रोखतो, तो कोणत्या पाण्यावर पिकतो, हे राहून गेले. माझ्या सासुरवाडीला घरी पोळी खातात, भात आठवड्यातून एकदा राजम्याबरोबर. तरीही शेतात भातच, कारण सरकार हमीभावाने तो उचलते आणि पंपाची वीज फुकट आहे. सासऱ्यांच्या लहानपणी जे पाणी रहाटाने वर येत असे, त्यासाठी आता कूपनलिका कितीतरी खोल न्यावी लागते. भूजल वाचावे म्हणून २००९ च्या कायद्याने जूनपूर्वी लावणी करण्यास मनाई केली. त्यामुळे कापणी उशिरा होऊ लागली, गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, आणि खुंट काढायला वेळ नाही म्हणून ते पेटवण्याचे प्रमाण वाढले. पाण्यासाठी केलेल्या कायद्याचा धूर दिल्लीत निघतो. पाणी हा प्राकृतिक घटक आहे असे पुस्तकात लिहिलेले असते, पण सासऱ्यांच्या पाण्याची पातळी विजेच्या बिलाने ठरवली आहे, आणि ते बिल शून्य आहे.

परदेशस्थ_पुणेकर

सर्वांचे आभार. मुलाला आता काय सांगायचे, याचा विचार करीत होतो. पीक कोठे आणि कोणत्या वर्षी बुडणार, हे बहुतेक वेळा वारा आणि पाणी ठरवतात. पण त्याची झळ कोणाच्या ताटाला लागणार, हे मात्र खडीच्या मजुरीपासून मानशीच्या झडपेपर्यंत माणसेच ठरवत आली आहेत, असे मला या चर्चेतून वाटते. लुधियानाच्या उदाहरणानंतर पहिल्या अर्ध्याबद्दलही खात्री राहिलेली नाही. आमची फळी रिकामी होण्यात सरकारची बंदी होती, ऑगस्टची भीती होती, आणि ज्या दिवशी रांग लागली त्या दिवशी अमेरिकेच्या गोदामांत बंदीपूर्वी आलेला माल शिल्लक असणार, हेही आता ध्यानात येते. तो आम्हीच एका आठवड्यात घरी नेला.

चकलीताईंचा प्रश्न मी टाळला होता. दोन. एक माझ्या नावावर आणि एक पत्नीच्या. बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, आणि दुसरे पोते त्यानंतर उघडले तेव्हा त्यात सोंडे झाले होते. ते गच्चीवर उन्हात पसरावे म्हणतो.

माणदेशी

तांदळाला कडक ऊन दाखवू नका. दाणा तडकतो आणि कणी होते. सावलीत पसरून चाळून घ्या, एरंडेलाचा हात लावा आणि डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. उन्हात ठेवलाच असेल, तर डाकारचा पत्ता वर दिलेला आहे.